सव्वाबाराची लाट

आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर शनिवारी सकाळी निरोप आला, 'उद्या दुपारी ठीक सव्वाबारा वाजता वसई-विरारच्या किनाऱ्यावर पावणेपाच मीटर उंचीच्या महाकाय लाटा धडकणार. काळजी घ्या. पुढे पाठवा.' खाली एका लाटेचं चित्र होतं. तिच्यापुढे नारळाची झाडं कोथिंबिरीच्या काड्यांसारखी दिसत होती.

आम्ही राहतो तुळिंजला. समुद्र आणि आमची इमारत यांच्यामध्ये अर्धं नालासोपारा, रेल्वेचे रूळ, सोपारा गाव आणि मैलोगणती केळीच्या बागा आहेत. लाट एवढं सगळं ओलांडून आमच्या गेटापर्यंत आलीच असती, तर तिला पार्किंगला जागा मिळाली नसती. तरी सेक्रेटरींनी लगेच सूचना टाकली : तळमजल्यावरच्यांनी धान्याचे डबे वर हलवावेत, दुचाकी उंचावर लावाव्यात. तुळिंजला दर पावसाळ्यात तळमजल्यांत पाणी शिरतं. ते तुंबलेल्या गटारातून येतं. त्या पाण्याची वेळ मिनिटासह सांगणारा निरोप मला आजवर आलेला नाही.

मी विज्ञानाचा शिक्षक. मराठी माध्यमाच्या शाळेत नववी-दहावीला शिकवतो, आता निवृत्तीला थोडीच वर्षं उरली आहेत. मूळचा सातारा जिल्ह्यातल्या अशा गावाचा, जिथे पाणी टँकरमधून येतं आणि टँकर लहर आली तर येतो. समुद्र पहिल्यांदा पाहिला तो नोकरीला लागल्यावर. त्यानंतर सत्तावीस वर्षं समुद्राच्या शेजारी काढली, पण घोट्याच्या वर कधी भिजलो नाही. पोहता येत नाही. लाटांविषयी मात्र मला सगळं येत होतं. दरवर्षी वर्गात एक लांब दोरी आणायची, मधोमध लाल रिबीन बांधायची, एक टोक खिडकीच्या गजाला अडकवून दुसरं झटकायचं. लाट सुळकन खिडकीपर्यंत जाते, रिबीन जागच्या जागी वरखाली होते. "पाहा," मी विजयी मुद्रेनं म्हणायचो, "लाट पुढे जाते, दोरी पुढे जात नाही. समुद्रातही तसंच. पुढे जाते ती ऊर्जा. पाणी जिथल्या तिथे."

तर माझ्यातला हा शिक्षक त्या निरोपाने डिवचला गेला. 'लाट' शब्दाची आमच्याकडे आधीच फार दैना झालेली. उन्हाळ्यात उष्णतेची लाट, निवडणुकीत कुणाच्या तरी नावाची लाट, आणि साथीच्या काळात तर सेक्रेटरींनी लाटांना नंबर देऊन टाकले होते. सरकार दुसऱ्या लाटेत असताना हे चौथीच्या तयारीत. पहिल्या मजल्यावरच्या वहिनींचा भर लहरींवर. मायक्रोवेव्हमधून घातक लहरी येतात म्हणून त्या त्यावर जाड रजई टाकतात, आणि सकारात्मक लहरी याव्यात म्हणून त्यांनी लिफ्टमध्ये काचेचा पिरॅमिड चिकटवलाय. त्यानंतर लिफ्ट दोनदा अडकली, दोन्ही वेळा आत त्याच होत्या.

मी ग्रुपवर बारा ओळींचा खुलासा लिहिला. ही लाटांची उंची नव्हे, भरतीच्या पातळीची उंची आहे. अगदी खालच्या ओहोटीच्या आसपास एक शून्य धरतात, तिथून पाणी किती चढेल ते हा आकडा सांगतो. दर अमावास्या-पौर्णिमेला साधारण असंच उधाण येतं, पावसाळ्यात जरा जास्त. घाबरू नये.

कुणी वाचलं नाही. एकाने अंगठा दाखवला, तोही बहुधा माझ्या आधीच्या निरोपाला. अर्ध्या तासाने सेक्रेटरी स्वतः वर आले.

"सर, तुमचं मोठं आहे जरा. एका शब्दात सांगा. लाट येणार की नाही?"

"अहो, लाट रोजच येते."

"म्हणजे उद्याही येणार?"

"येणारच की. पण..."

"बास," ते म्हणाले आणि जिन्यातच टाइप करू लागले. ते खाली पोचायच्या आत ग्रुपवर आलं, 'आपल्या सोसायटीतील विज्ञान शिक्षकांनीही लाट येणार असल्याला दुजोरा दिला आहे.'

हा दुजोरा मग तुळिंजच्या आणखी चार सोसायट्यांत फिरला. संध्याकाळी शाळेतल्या शिपायाचा फोन आला, की सर, तुम्ही सांगितलंत म्हणे.

रविवारी सकाळी भीती ओसरली होती. रात्रीतून तिचं रूपांतर सहलीत झालं होतं. ज्यांनी धान्याचे डबे वर चढवले होते तेच खाली गाडीत पाण्याच्या बाटल्या आणि वेफर्स भरत होते. पावणेपाच मीटरची लाट घराजवळ आलेली कुणाला नको होती, पण सहकुटुंब जाऊन पाहायला सगळ्यांना हवी होती. वहिनी गॉगल लावून निघाल्या.

"तुम्ही नाही जात?" बायकोने विचारलं. ती बँकेत कॅशियर आहे, प्रश्नही मोजून विचारते.

"मी कशाला जाऊ? मूर्खपणा आहे सगळा."

"तुमच्या नावावर फिरतोय तो मूर्खपणा. कुणाचं पोर वाहून गेलं तर लोक सेक्रेटरीला नाही विचारणार."

मी छत्री घेतली आणि स्कूटर काढली.

नंदाखाल गावाच्या पुढे रस्ता संपला, म्हणजे रस्ता होता, पण त्यावर गाड्या होत्या. राजोडीच्या समुद्रापर्यंत नुसते हॉर्न. एका वाडीच्या फाटकाशी एक वयस्कर गृहस्थ उभे होते, केळी-नारळीचे बागायतदार. चर्चमधला रविवारचा मिस्सा आटपून आलेले असावेत, अंगात इस्त्रीचा पांढरा सदरा होता. त्यांचा मुलगा कधीकाळी माझा विद्यार्थी. त्यांनी मला ओळखलं, आत वळून बायकोला त्यांच्या घरच्या बोलीत काहीतरी सांगितलं, त्यातलं मला निम्मं कळलं, आणि मग माझ्यासाठी स्वच्छ पुस्तकी मराठी काढली.

"स्कूटर आत लावा सर. लाट बघायला निघालात?"

"लोकांना परत पाठवायला निघालोय. लाटबिट काही येणार नाही."

"येणार नाही काय म्हणता?" त्यांनी रस्त्याकडे हात केला. "ही काय, आलेलीच आहे. फक्त समुद्राकडून यायची ती स्टेशनकडून आली. आमची निम्मी वाडी तिच्याच इमारतींखाली गेली."

मी हसलो. ते हसले नाहीत. मग माझ्या लक्षात आलं, की त्या लाटेतला एक थेंब त्यांच्यासमोर छत्री घेऊन उभा आहे. मी स्कूटर आत लावली आणि चालत निघालो.

किनाऱ्यावर जत्रा होती. भाजलेली कणसं, फुगे, एक शिट्टी फुंकणारा पोलीस आणि त्या शिट्टीच्या तालावर पाण्याकडे सरकणारे लोक. सुरूच्या झाडांखाली आमच्या सेक्रेटरींनी सतरंजी अंथरून जागा धरली होती. मी एका टोकापासून सांगत सुटलो, "मागे व्हा, घरी जा, ही फक्त भरती आहे." लोक आदरानं ऐकत आणि विचारत, "पण दिसेल कुठून नीट?"

सव्वाबारा वाजले. पाणी वर चढलं होतं, सुरूच्या मुळांपर्यंत येत होतं, करडं, फेसाळ, प्लास्टिकने भरलेलं. लाटा होत्या कंबरेएवढ्या. पाच मिनिटं सगळे मोबाइल उंच धरून थांबले. मग कुजबुज सुरू झाली. साडेबाराला एक जण उघड म्हणाला, "फसवलं."

"सर, तुम्ही तर म्हणाला होतात," सेक्रेटरी म्हणाले. त्यांच्या आवाजात खरंच दुखावल्यासारखं काहीतरी होतं.

एवढ्यात येत्या निवडणुकीला उभं राहू इच्छिणारे एक भाऊ पाहणीसाठी आले. मागे दहा-बारा पांढरे शर्ट. भाऊंनी बूट न काढता समुद्राकडे बोट दाखवलं, फोटो निघाला. "सर, लाट उरकली का?" त्यांनी मला विचारलं. "मला पुढे चिंचोटीला जायचंय. धबधब्यावर कुणी जाऊ नये असं आवाहन करायचंय, तिथे आधीच फार लोक जमलेत म्हणे." त्यांचा एक कार्यकर्ता मला बाजूला घेऊन म्हणाला, "समुद्रात नसली तरी भाऊंची आहे बरं का लाट." त्याच्याबरोबर एक तरुण होता, काठीला मोबाइल लावलेला, स्थानिक बातम्यांचं चॅनेल चालवणारा. त्याने मोबाइल माझ्याकडे वळवला. "तज्ज्ञ सर आपल्यासोबत आहेत. सर, महाकाय लाट का नाही आली?"

सत्तावीस वर्षांत मला कुणी तज्ज्ञ म्हटलं नव्हतं. मी विरघळलो. चित्रात मागे समुद्र यावा म्हणून त्याने मला दोन पावलं मागे घेतलं, मग आणखी दोन. चपला भिजल्या. मी छत्री मिटून पट्टीसारखी धरली आणि बोलू लागलो. शून्य पातळी, चंद्र-सूर्य, उधाण. मग माझं लाडकं वाक्य आलं. "लोकांचा मुळात गैरसमज असा, की लाटेबरोबर पाणी पुढे येतं. पाणी कुठेही जात नाही. पुढे जाते ती फक्त..."

ऊर्जा हा शब्द माझ्या तोंडात राहिला आणि त्याच्या जागी समुद्र आला.

लाट गुडघ्याच्या जरा वर असेल, जास्त नाही. तिने मला मागून कुणी स्टूल काढून घ्यावं तसं बसवलं. बसलो तोवर हसू येण्याजोगंच होतं. पण मग ती परत फिरली. टाचांखालची वाळू सरसर निघून गेली, मी धरायला गेलो ती वाळूही माझ्याबरोबर निघाली, आणि दुसरी लाट डोक्यावरून गेली. नाकातोंडात खारट पाणी. वर कुठे, खाली कुठे, कळेना. किनारा दहा पावलांवर होता, शेकडो माणसं होती, आणि मला नक्की वाटलं की मी मरतोय. कुठलंही सूत्र आठवलं नाही. आई आठवली, तीही ओरडताना.

कुणीतरी माझ्या शर्टाची मागची बाजू धरली आणि पोतं ओढावं तसं ओढलं. मी हाताला लागलं ते घट्ट पकडलं. ते ओलं लुगडं होतं. डोळे उघडले तेव्हा मी वाळूवर पालथा होतो आणि ओकत होतो.

"पुरं झालं, सोडा आता लुगडं," एक बाई म्हणाली.

मी तिला आवाजावरून ओळखलं. तुळिंजच्या बाजारात मी पंधरा वर्षं जिच्याकडून मासळी घेतो ती कोळीण. साठीची असेल. पावसाळ्यात होड्या बंद असल्या की सुके बोंबील आणि जवळा घेऊन बसते. तिचं घर तिथून जवळच, किनाऱ्यालगत. उधाणाने वाहून आलेली लाकडं चुलीसाठी गोळा करायला ती आली होती, माझ्या व्याख्यानाला नव्हे.

"मास्तर तुमी व्हय," ती म्हणाली. "काय सांगत होतात? पानी पुढं जात नाय?"

मी नुसता खोकत होतो.

"समुद्राकडं पाठ करून कोनी बोलत नाय. नवी सूनबी नाय करत." एवढं बोलून ती तिच्या लाकडांकडे गेली, कारण त्यातली दोन मोठी तेवढ्यात परत पाण्यात निघाली होती.

माझा चष्मा गेला, एक चप्पल गेली, छत्री भाऊंच्या कार्यकर्त्याला सापडली. ज्या लाटेसाठी एवढं शहर लोटलं होतं ती आली नव्हती, पण रिकाम्या हाताने कुणी परतलं नाही. संध्याकाळपर्यंत मी सगळ्या मोबाइलांत होतो. 'तज्ज्ञाला लाटेचा तडाखा'. कुणीतरी त्याला ढोलकीचं संगीत लावलं होतं. ती बाई त्या चित्रात फक्त एक हात म्हणून दिसत होती. सेक्रेटरींनी ग्रुपवर लिहिलं, 'अंदाज अखेर खरा ठरला. सर सुखरूप.'

बायकोने व्हिडिओ एकदाच पाहिला. मग माझ्या कोपरावरच्या खरचटण्याला हळद लावता लावता म्हणाली, "पुन्हा मी पाठवणार नाही कुठे." एवढ्याशा खरचटण्याला तिने अर्धी वाटी हळद संपवली, म्हणून मी काही टोमणा मारला नाही.

सोमवारी जुना चष्मा लावून नववीच्या वर्गात गेलो. फळ्यावर कुणीतरी लाट काढली होती, तिच्यातून दोन पाय वर आलेले. पहिल्या बाकावरच्या मुलीने हात वर केला. हुशार आहे, म्हणूनच धोकादायक.

"सर, लाटेत फक्त ऊर्जाच पुढे जाते ना?"

"हो."

"मग तुमचा चष्मा कुठे गेला?"

वर्ग फुटला. मीही हसलो, पण प्रश्न अगदी बरोबर होता. रात्री मी पुस्तकं काढून बसलो होतोच. खोल समुद्रात पाणी जागच्या जागी गोल फिरतं, तिथे माझी रिबीन खरी. किनाऱ्याजवळ मात्र तळ उथळ होतो, लाटेचा पाय अडखळतो, डोकं पुढे जातं आणि ती फुटते. फुटलेल्या लाटेत पाणी पुढे येतं, मागे ओढतं, आणि वाटेत येईल त्याला घेऊन जातं. हे मी त्यांना सांगितलं. हेही सांगितलं, की मी सत्तावीस वर्षं खोल समुद्रातली लाट शिकवत होतो, जिथे मी कधी जाणार नव्हतो, आणि जी माझ्यापासून तासाभरावर फुटत होती ती मला माहीत नव्हती. मास्तर चुकला हे त्यांना आवडलं असतं, मास्तरने कबूल केलं याने त्यांची जरा पंचाईत झाली.

त्या आठवड्यात मी एक लुगडं घेऊन बाजारात गेलो. बाईंनी ते उलटसुलट पाहिलं, बायकोच्या पसंतीचं आहे हे ओळखलं आणि टोपलीखाली ठेवलं. मग म्हणाल्या, "मास्तर, तुमाला अर्ज लिवता येतो ना?"

अर्ज त्यांच्या घराचा होता. मी पाहायला गेलो. समोरून घर धड होतं, रंग दिलेला, तुळस. मागे गेलो तर मागची पडवी नव्हती. आधी सुरूची झाडं गेली, मग कुंपण, मग पडवीचा एक कोपरा, आणि आता स्वयंपाकघराच्या भिंतीखालून वाळू निघत होती. भिंत हवेत अर्धा हात लोंबत होती आणि तिच्या आत गॅसवर कालवण रटरटत होतं.

"त्या रविवारी इतके लोक होते इथं," मी म्हणालो. "कुणी पाहिलं नाही?"

"तुमी पडलात त्याच्या बाजूलाच हाय की," त्या म्हणाल्या. "पन ते तुमाला बघत होते."

मी अर्ज लिहिला. चांगला लिहितो मी अर्ज. आम्ही दोघं तो घेऊन भरपाईसाठी तहसील कार्यालयात गेलो. कारकुनाने छापील फॉर्म पुढे केला आणि एका रकान्यावर पेनचं टोक ठेवलं. घटनेची तारीख व वेळ.

"कोनत्या दिवसाची लिवू?" बाईंनी विचारलं. "रोज येते ती."

"असं नाही चालत आजी. कुठल्या लाटेनं पडलं? एका लाटेनं की हळूहळू?"

"वीस वरसं लागली तिला."

कारकुनाने पेन मागे घेतलं. माणूस वाईट नव्हता, आवाजही चढवला नाही. "मग ती आपत्ती होत नाही," त्याने समजावलं. "आपत्ती म्हणजे अचानक पाहिजे. हळूहळू असेल तर ती झीज झाली. झिजेचं आमच्याकडे नाही."

मी मध्ये पडलो. आज, काल, परवाच्या एकेका लाटेने एकेक ओंजळ वाळू जाते, प्रत्येक ओंजळ अचानकच जाते, असं काहीसं बोललो. कारकून शांतपणे ऐकत होता. मग त्याने माझ्याकडे नीट पाहिलं. "सर, तुम्ही तेच ना? व्हिडिओतले?" त्याने शेजारच्या टेबलावरच्यालाही बोलावलं. आम्हाला चहा मिळाला. आणि माझ्या या नव्या कीर्तीमुळेच असेल, अर्जावर 'स्थळपाहणी करावी' असा शेरा पडला.

पाहणीला माणूस आला तो दिवाळीनंतर. अष्टमीचा दिवस, भांगेचं पाणी, म्हणजे भरतीला जोर नाही, आणि भर दुपारची ओहोटी. समुद्र लांब जाऊन बसला होता, एखाद्या सज्जनासारखा. मी शाळेतून सुट्टी घेऊन गेलो होतो. त्या माणसाने टेप काढली, एक टोक मला धरायला दिलं आणि भिंतीपासून पाण्यापर्यंत चालत गेला. टेप पुरली नाही, दोनदा लावावी लागली. मी म्हणालो, "अहो, हे उधाणाला मोजायला हवं." तो म्हणाला, "उधाणाला कसं मोजणार सर, तेव्हा इथे पाणी असतं."

महिन्याभराने अहवालाची प्रत आली. बाजारात त्यांच्या टोपलीसमोर उभा राहून मी वाचून दाखवली. 'प्रत्यक्ष पाहणीवेळी समुद्र सदर घरापासून सुरक्षित अंतरावर आढळून आला.'

"परत वाचा," त्या म्हणाल्या.

मी परत वाचलं. मला लाज वाटत होती, जणू ते वाक्य मीच लिहिलं होतं. बाई हसायला लागल्या, तोंडाला पदर लावून, खांदे हलेपर्यंत. शेजारच्या बाईला त्यांनी ते वाक्य सांगितलं, ती पण हसली. हसणं संपल्यावर त्यांनी कागद मागून घेतला, चार घड्या घातल्या आणि बटव्यात ठेवला.

"आवंदा शिमग्याच्या आधी चूल पुढच्या खोलीत आनते," त्या म्हणाल्या. "पोरगा म्हनतो भिंत पाडून दगड त्येच टाकू मागं. थोडं थांबंल पानी." मग कोयता उचलून त्यांनी विचारलं, "आज काय देऊ? हलवा ताजा हाय."